हजेरीपत्रकातली दरी



मांडवा हे नाव सगळ्या देशाला ठाऊक आहे. इथल्या वालाच्या शेंगांमुळे नव्हे, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून पोटात गाड्या घालून येणाऱ्या रो-रो बोटीमुळेही नव्हे. १९९० साली ‘अग्निपथ’ नावाचा सिनेमा आला, त्याने ते नाव सर्वदूर नेलं. त्या सिनेमात मांडव्याचे एक मास्तर आहेत, दीनानाथ चौहान. गावाचं भलं करायला जातात, त्यांच्यावर बालंट येतं आणि गावकऱ्यांच्याच हातून त्यांचा जीव जातो. पुढे सिनेमाभर त्यांचा मुलगा सूड घेतो आणि लोकांच्या लक्षात राहतो तो मुलगा. मास्तरांच्या वर्गात कोण बसायचं, त्यातल्या किती जणांना वाचता येत होतं, हे सिनेमाने विचारलं नाही. सिनेमाला त्याची गरजही नव्हती. आपल्याला आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांनी जन्मभर याशिवाय दुसरा प्रश्न विचारला नाही, म्हणून आजचा विषय मी तोच घेतला.

विषय आहे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या प्रगतीतली दरी. असं म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या मनात लगेच दोन शाळा उभ्या राहतात. एक आपली मराठी शाळा आणि दुसरी चोंढीकडे किंवा अलिबागला व्हॅनने जायची ती इंग्रजी माध्यमाची. त्या भांडणात मी आज पडणार नाही. ज्या दरीबद्दल मला बोलायचं आहे ती एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर आहे. एकाच वर्षी नाव घातलेली, एकच खिचडी खाणारी दोन मुलं चौथीपर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात दोन-दोन, तीन-तीन इयत्तांचं अंतर पडलेलं असतं. हे अंतर पडतं कधी आणि कशाने, एवढंच मला सांगायचं आहे.

चौथीच्या वर्गात जाऊन मुलांना एकेक करून जवळ बोलवावं. सगळ्या वर्गासमोर वाचायला लावू नये, त्याने काहीच कळत नाही, कारण पाठ झालेला धडा सगळीच मुलं सुरात म्हणतात. जवळ बसवून अनोळखी मजकुराचा कागद हातात द्यावा. एखादी मुलगी गोष्ट घडाघड वाचते आणि वाचून झाल्यावर पुढे काय झालं ते आपल्यालाच विचारते. तिच्यानंतर आलेला मुलगा ‘शे-त-क-री’ असं बोटाने सोडवत जातो. चौथं अक्षर येईपर्यंत पहिलं निसटतं, मग तो चित्राकडे बघून ‘बाबा’ म्हणतो. तिसरा कागदाकडे बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमच्या ओठांवरून काही मिळतं का, हे तो शोधत असतो. चार वर्षं वर्गात टिकण्याची ही त्याने कमावलेली विद्या आहे, आणि ती कमी दर्जाची विद्या नाही. प्रगतिपुस्तकात मात्र तिघांच्याही नावापुढे शेरा चांगलाच असतो.

‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. २००५ पासून तिच्या पुढाकाराने ‘असर’ नावाची पाहणी होते. खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना हाच प्रकार करायला सांगतात: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांना दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये, कोरोनाच्या बंदनंतर, हा आकडा ४२.८ होता. तिसरीतल्या मुलांपैकी हातच्याची वजाबाकी जमली ती ३३.७ टक्क्यांना. आकडे चढले म्हणून आनंद आहे. पण पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, हे त्याच वाक्याचं दुसरं टोक आहे.

याच काळात, २०२०–२१ च्या केंद्र सरकारच्या कामगिरी निर्देशांकात महाराष्ट्र केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने वरच्या पायरीवर होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. निर्देशांक शाळा बघतो, खोल्या बघतो, नळ आणि स्वच्छतागृहं बघतो, गुणांची सरासरी बघतो. सरासरी ही फार सोयीची गोष्ट आहे. वर्गात वीस मुलं असतील आणि त्यातली सहा उत्तम असतील, तर उरलेल्यांपैकी पाच जण पाच वर्षं त्यांच्या आडोशाला सुखाने बसू शकतात.

त्या सहांचं काय होतं, तेही सांगतो. त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीचा जादा तास असतो. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६–१७ पासून काही वर्षं पाचवीला गेली, तरी आपल्या बोलण्यात ती ‘चौथीची स्कॉलरशिप’च राहिली. शाळा सुटल्यावर, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत हे तास चालतात. गुणवत्ता यादीत नाव आलं की नाक्यावर फलक लागतो, फोटोत सरपंच असतात, केंद्रप्रमुख असतात. मुलाचं कौतुक व्हायलाच हवं. पण आपल्यातल्या कुणा गुरुजींनी अख्ख्या नोकरीत असा फलक कधी बघितला आहे का, की ‘आमच्या शाळेतले पाच विद्यार्थी यंदा वाचू लागले, हार्दिक अभिनंदन’? जादा वेळ ज्याला मिळायला हवा तो घरी जातो आणि ज्याला तो नसता मिळाला तरी चाललं असतं तो शाळेत थांबतो. यात कुणाची वाईट बुद्धी नाही. फलक जिकडे लागतो तिकडे घाम गळतो, एवढंच.

आता मागे राहिलेल्या मुलांबद्दल आपण काय म्हणतो ते बघा. स्टाफरूममध्ये, नाक्यावर, घरात तीन वाक्यं फिरत असतात. मास्तर शिकवत नाहीत. आईबापांना पडलेली नाही. आणि तिसरं, जरा आवाज खाली करून म्हटलं जाणारं: पोराला डोकंच नाही.

शेवटच्यापासून सुरू करतो. बंदराजवळच्या शाळांतून मी अनेकदा एक प्रश्न विचारतो. आज पक्षातली षष्ठी आहे, भरती किती वाजता? कोळ्याचं पोर हाताची बोटंही न मोजता सांगतं, ‘साडेचारला.’ हिशेब तुम्हाला माहीत आहे, तिथीची पाऊणपट. सहाची पाऊणपट साडेचार, चतुर्थीची तीन, दशमीची साडेसात. अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी काढायला पुरतं. त्याच पोराला फळ्यावर सहा गुणिले तीन छेद चार असं लिहून दिलं की ते खडू हातात धरून उभं राहतं. उत्तर त्याने आताच दिलेलं असतं! ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात १९८० च्या दशकात तीन संशोधकांनी बाजारात नारळ-लिंबं विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला होता. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांत मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. मुलं मोजकीच होती, पण कुठल्याही मच्छी बाजारात बसून पाहावं, कुणालाही तेच दिसेल. तेव्हा ‘डोकं नाही’ हे वाक्य आपण इथेच सोडून देऊ. डोकं आहे. बाजारापासून फळ्यापर्यंत त्याला कुणी हाताला धरून आणलेलं नाही, आणि आणायला वेळ लागतो.

माझं म्हणणं या वेळेबद्दलच आहे, आणि ‘आईबापांना पडलेली नाही’ या वाक्याचं उत्तरही त्यातच येईल. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. आपण इयत्ता मोजतो, दिवस मोजत नाही. मोजून बघू. आपल्या अलिबाग तालुक्यातल्या आणि पेण-सुधागडच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर बाहेर पडतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. मुलाचं नाव शाळेत आहे, पटावर ते बारा महिने आहे. शाळेत ते असतं जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत. त्यातून गौरी-गणपती वजा करा, रविवार वजा करा, लावणीच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेले दिवस वजा करा. दोनशेपैकी ऐंशी-नव्वद दिवस हाती लागले तर खूप. अशी चार वर्षं धरली तर होतात साडेतीनशेच्या आसपास दिवस, म्हणजे पावणेदोन वर्षांची शाळा. चौथीतलं ते पोर दुसरीचं पुस्तक अडखळत वाचतं, कारण ते शाळेत तेवढंच आलेलं आहे. आलेल्या दिवसांत ते मागे नाही. इयत्तेचा आकडा त्याच्या पुढे पळाला आहे.

हे भट्टीवरच्या मुलाचं झालं. पण न हललेल्या मुलांचेही दिवस गळतात, ते हजेरीपत्रकात दिसत नाहीत. कोळीवाड्यातली बाई पहाटे टोपली घेऊन बाजार गाठते. घरात तान्हं असेल तर त्याच्यापाशी नऊ-दहा वर्षांची बहीण थांबते. ती शाळेत येते, पण साडेअकराला आणि कडेवर भाऊ घेऊन. हजेरी लागते, पहिल्या तासाचं वाचन मात्र बुडतं. नेमकं वाचन, कारण भाषेचा तास आपण सकाळी ठेवतो. बंगल्यांच्या बांधकामांवर कर्नाटकातून, झारखंडातून आलेल्या गवंड्यांची, बिगाऱ्यांची मुलं वर्षाच्या मध्येच येतात आणि स्लॅब पडला की जातात. सासवणे-किहीमच्या वाड्यांतून राखणदारी करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं येतात. त्यांना तर आपली भाषाही शाळेत येऊनच शिकायची असते. कातकरी मुलाचंही तसंच, त्याच्या घरची बोली आगरीपेक्षाही पुस्तकापासून लांब आहे. पहिलीचं निम्मं वर्ष तर बाई काय म्हणतात हे कळण्यात जातं.

आणि कोरोनाची दोन वर्षं तर सगळ्यांचीच गेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं तेव्हा शाळा आधीच बंद होत्या. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांचे पत्रे उडाले, तक्तपोशी भिजली, पुस्तकांचा लगदा झाला. त्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा उघडल्या तेव्हा पहिल्यांदा वर्गात बसलं, आणि ते दुसरीत बसलं. जानेवारीत पुन्हा काही दिवस कुलूप पडलं. ज्या घरात दोन मोबाइल होते तिथे काही तरी चाललं, आणि ज्या घरात एकच होता तो बापाबरोबर समुद्रावर गेला.

मास्तरांचा मुद्दा आता घेतो, कारण तो टाळला तर समोर बसलेले पालक मला सोडणार नाहीत. कामचुकार माणसं आहेत. प्रत्येक खात्यात असतात, इथेही आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. पण चांगला शिक्षक काय करतो ते एकदा जवळून बघा. दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. परिपाठ झाला की गुरुजी चौथीला शुद्धलेखन देतात आणि तिसरीला गुणाकार समजावतात. मग तिसरीला गणितं देऊन चौथीकडे वळतात. म्हणजे मूल शाळेत पाच तास असलं तरी गुरुजी त्याच्याकडे असतात अडीच तास. एवढ्यात फोन वाजतो, अमुक माहिती दुपारी तीनपर्यंत भरा. पोषण आहाराचा आकडा ॲपवर टाकायचा, शाळेच्या आकडेवारीचं यू-डायस आहे, निवडणुकीच्या याद्या आहेत, सर्वेक्षणं आहेत, प्रशिक्षण आहे आणि प्रशिक्षण घेतल्याचा फोटोही आहे. गुरुजी तालुक्याला गेले की चारही इयत्ता बाईंकडे. त्या दिवशी काय होतं? ज्यांना वाचता येतं ते पुस्तक काढून बसतात. ज्यांना येत नाही ते फळ्यावरचं उतरवतात. सुंदर अक्षरात उतरवतात! मी अशा वह्या पाहिल्या आहेत, वळणदार, टापटीप, लाल शाईत बरोबरच्या खुणा असलेल्या, आणि लिहिणाऱ्याला त्यातली एक ओळ वाचता येत नाही.

शाळेचा दिवस आखडतो तेव्हा तो सगळ्यांचा सारखा आखडत नाही. ज्याच्या घरी शाळा संध्याकाळीही चालू असते त्याचं निभावतं. ज्याची शाळा शाळेतच संपते त्याचा तो दिवस जातो.

ही आपल्याच कोकणातली तक्रार नाही. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून अहवाल दिला. मुलांच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा, असं त्याचं सार लोकांनी काढलं, आणि पुढे कित्येक वर्षं ‘शाळेच्या हातात फारसं काही नाही’ म्हणायला ते वापरलं. गंमत अशी की १९८३ मध्ये हेनेमन आणि लॉक्सली या दोघांनी गरीब देशांमधली आकडेवारी तपासली, तर तिथे शाळेचं आणि शिक्षकाचं वजन जास्त भरलं. साधी गोष्ट आहे. ज्या घरात पुस्तकच नाही तिथे शाळेतलं पुस्तक हेच पहिलं आणि शेवटचं. म्हणून आपल्याकडे शाळेचा एकेक दिवस महाग आहे.

बाल्टिमोर शहरात १९८२ मध्ये पहिलीत आलेल्या, वीस सरकारी शाळांतल्या सुमारे ७९० मुलांचा पाठपुरावा तीन अभ्यासकांनी वर्षानुवर्षं केला. शाळा चालू असताना गरीब आणि बऱ्या घरची मुलं जवळजवळ सारख्याच वेगाने शिकत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बऱ्या घरची मुलं पुढे सरकत आणि गरीब मुलं जागच्या जागी राहत. पुढे इतर अभ्यासकांनी त्यांच्या मोजपट्टीवर शंका घेतली, नव्या चाचण्यांत इतका ठळक फरक दिसत नाही असं दाखवलं. ती शंका मला मान्य आहे. बाल्टिमोरची सुट्टी अडीच महिन्यांची होती. भट्टीवरची सहा-सात महिन्यांची असते, तिच्याबद्दल शंका घ्यायला मला जागा दिसत नाही.

मग उपाय? तो समुद्रापलीकडे, बोटीने तासाभराच्या अंतरावर करून पाहिलेला आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई महापालिकेच्या आणि बडोद्याच्या शाळांमध्ये ‘प्रथम’ने ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच, शाळा शिकलेली मुलगी. डी.एड. नाही, पर्मनंट नाही, मानधन किरकोळ. तिसरी-चौथीत जी पंधरा-वीस मुलं मागे राहिली होती, त्यांना ती रोज शाळेच्या वेळातच दोन तास वेगळं घेऊन बसायची. तिसरीचा धडा बाजूला ठेवून जे अडलं होतं तेच शिकवायची: अक्षरं, जोडून वाचणं, दशक-एकक. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं काटेकोर मोजमाप केलं. पुढे २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हेही होतं. निष्कर्ष असा की सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्या मुलांना झाला. आणि त्यातलाच दुसरा निष्कर्ष, जो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही: बालसखीकडे पंधरा-वीस मुलं गेल्याने उरलेल्या वर्गातली गर्दी कमी झाली, तरी त्या वर्गातल्या मुलांची प्रगती काही वाढली नाही. म्हणजे नुसती मुलं कमी करून भागत नाही. पट घसरून आपल्या शाळांत वर्गाला सात-आठ मुलं उरली आहेत. तरीही दरी मिटलेली नाही, याचं आश्चर्य वाटायला नको.

तिसराही निष्कर्ष सांगायला हवा, कारण आपल्याला चमत्काराची सवय आहे. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मिळवलेल्यातलं बरंच ओसरलं. हे औषध एकदा घेऊन विसरायचं नाही.

आपल्या राज्याने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला, साताऱ्याकडे कुमठे बीटमधले वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले. त्यांत मीही होतो आणि तिथे मुलं खरोखर वाचताना पाहिली. मग २०२१ मध्ये ‘निपुण’ आलं. योजनांची नावं बदलतात, मागणं तेच असतं: तिसरीपर्यंत मुलाला वाचता यावं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेला दाखवायचं शिक्षण हमी पत्रक आहे. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालवून दाखवल्या. कल्पनांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. कमी पडतं ते पत्रक भरून घेणारं माणूस, कारण ते भरायची वेळ दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात येते आणि त्याच आठवड्यात सहामाही परीक्षा, निकाल आणि ऑनलाइन माहिती असते.

मागे वळून बघितलं तर ही रड जुनी आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या कष्टाचा, आणि शिक्षणावर जो खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा रोख होता. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तेव्हा केली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात ते सक्तीचं केलं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात. मधल्या काळात, १९११ मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी पडलं. इथून जवळच चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांची जमीन पडीक ठेवून संप केला. नारायण नागू पाटलांचं ते नेतृत्व या तालुक्याला सांगायला नको. त्या संपकऱ्यांची नातवंडं-पतवंडं आज आपल्या शाळांच्या पटावर आहेत. काहींच्या घरच्या जमिनी विकल्या जाऊन तिथे बंगले उभे राहिले आहेत, आणि त्या बंगल्यांवर काम करायलाही तेच जातात.

जे. पी. नाईकांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांना हाती न लागणारा त्रिकोण म्हटलं होतं. संख्या आपण गाठली. नाव घातलेलं नाही असं मूल आता अपवादाने सापडतं. गुणवत्तेचे फलक लागतात. तिसरी बाजू सतरंजीच्या मागच्या कडेला बसलेली आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, यावर राज्यभर वाद चालला. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे आला. मोठी शाळा, जास्त शिक्षक, प्रत्येक इयत्तेला वेगळा वर्ग, हे सगळं मला पटतं. दोन इयत्ता एकदम शिकवताना होणारी ओढाताण मी आताच सांगितली. तरी माझा प्रश्न दिवसांचाच. वाडीपासून शाळा तीन किलोमीटर लांब गेली, बस आली नाही, पावसात ओढा भरला, तर घरी कोण राहणार? फलकावरचा मुलगा राहणार नाही, त्याचा बाप मोटारसायकल काढेल. जे मूल आधीच ऐंशी दिवसांवर आहे ते साठावर येईल. ज्यांनी हा हिशेब करून दाखवला त्यांच्याशी समूह शाळेबद्दल बोलायला मी तयार आहे.

आता मांडव्यापुरतं, आणि मग प्रश्नोत्तरांकडे जाऊ. या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींकडे बंगल्यांच्या घरपट्टीचा पैसा येतो, तो जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या ग्रामपंचायतींना स्वप्नातही दिसत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन आणि हळदीकुंकवाच्या वाणात जातो, असं माझं निरीक्षण आहे. माझं चुकत असेल तर सरपंचांनी प्रश्नोत्तरांत सांगावं. बारावी होऊन घरी बसलेल्या मुली प्रत्येक आळीत आहेत. त्यातली एक शाळेत रोज दोन तास बसायला किती पैसे लागतील? एका बंगल्याच्या घरपट्टीत वर्ष निघेल. फुले १८८२ मध्ये जे मागत होते ते याहून फार वेगळं नव्हतं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. भट्टीवर जाणाऱ्या घरातला एक तरी त्यात आहे का, ते हजेरीवहीत बघा. आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच्या सभेत एकच यादी वाचा: कोणती मुलं जाणार, कुठल्या भट्टीवर, मुकादमाचा फोन कोणता, हमी पत्रक कुणी भरायचं, आणि जी मुलं आजी-आजोबांपाशी मागे ठेवता येतील त्यांच्या जेवणाचं काय. यादी मोठी होणार नाही. आपल्या शाळांत ती एका पानावर मावेल, आणि ती करायला शिक्षक संघटनेचा, मंत्रालयाचा किंवा माझ्यासारख्या वक्त्याचा होकार लागत नाही. ग्रामसभा दोन ऑक्टोबरला आहे, दिवाळी त्यानंतर. तेवढे दिवस हातात आहेत.